सहा जणांचा तंबू

वहिनीने तीन याद्या केल्या होत्या आणि तिन्ही कापायच्या टेबलावर मोठ्या कात्रीखाली दाबून ठेवल्या होत्या. एक खाण्याची, एक कपड्यांची आणि तिसरी नुसती ‘इतर’. शाळेची मुख्याध्यापिका ती. यादीशिवाय वहिनीला शिंकसुद्धा येत नाही, असं तिचा धाकटा दीर बारक्या म्हणायचा, अर्थात ती खोलीत नसताना. गाडी दारात उभी होती, मागची दारं सताड उघडी. बाराला निघायचं, उजेड आहे तोवर सरहद्द ओलांडायची, उद्या सकाळी तळ्याकाठी तंबू ठोकायचा, असा दादाचा बेत होता. दादा भूलतज्ज्ञ. त्याचे बेतही मिनिटांत मोजलेले असत.

दादाच्या पाठची बहीण, मधली, जमिनीवर मांडी घालून तंबूची शेवटची शिवण तपासत होती. अप्पा गेल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, ताडपत्र्यांचा हा कारखाना ती एकटीच ओढत होती. ट्रकांची आच्छादनं, दुकानांपुढची कापडी छपरं, कधीमधी एखादा तंबू. हा तंबू मात्र गिऱ्हाइकाचा नव्हता. अप्पांनी आणि आईने मिळून शिवलेला, तिन्ही भावंडांच्या सगळ्या सुट्ट्या पोटात घेऊन बसलेला सहा जणांचा तंबू. गेला महिनाभर तिने त्याची एकेक शिवण उसवून मेणाच्या दोऱ्याने पुन्हा घातली होती, गंजलेल्या रिंगा उपटून नव्या ठोकल्या होत्या आणि दाराजवळच्या कोपऱ्यात आईसाठी पडदा लावून वेगळी खोली केली होती. आत जाताना वाकावं लागू नये इतका उंच पडदा, हाताला लागेल अशी जाड दोरी, आणि टेकून उठता येईल अशी बुटकी घडीची खाट. खाटेचं कापड तिने तीनदा बदललं. पहिलं करकरायचं, दुसरं गार पडायचं.

“आत्या, ही दोरी कशाला?” चिमणीने विचारलं. दादाची चौदा वर्षांची पोर.

“आजी उठली तर धरून दारापर्यंत येईल. दुसरं टोक माझ्या मनगटाला बांधायचं. ती हलली की मी जागी.”

चिमणी दोरी हातातून सोडून खाली बघत गाडीकडे निघून गेली. एरवी बडबडून भंडावून सोडणारी पोरगी अशी गप्प का झाली, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मधलीचं सगळं लक्ष शिवणीत होतं.

वरच्या मजल्यावर आईची पावलं वाजत होती. सकाळी काय खाल्लं ते आईला दुपारी आठवत नसे. पण पन्नास वर्षांपूर्वी त्या परक्या देशातल्या तळ्याकाठी तिने आणि अप्पांनी स्वतः शिवलेला पहिला तंबू कसा उभा केला, वाऱ्याने तो कसा उचलून पाण्यात फेकला आणि अप्पा बुटांसकट मागे कसे धावले, हे ती काल घडल्यासारखं सांगायची. “एकदा परत नेऊन आणा रे मला तिथे,” असं अप्पांच्या माघारी ती एकदाच म्हणाली होती. त्या एका वाक्यावर ही सगळी सहल उभी होती. निदान मधलीची तशी समजूत होती.

दादा आणि बारक्या सामान उचलत होते, वहिनी यादीवर खुणा करत होती. स्टोव्ह गेला, पाण्याचे कॅन गेले, मेखांची पिशवी गेली. खाट आली तशी वहिनीने ती हाताने बाजूला सारून भिंतीला टेकवली.

“वहिनी, ती आधी जाऊ द्या. वर ठेवली तर मोडेल.”

“राहू दे ना ती. जागा नाहीये.”

“खाट राहू दे? मग आई कशावर झोपणार?”

वहिनीने पेनाला टोपण लावलं आणि नवऱ्याकडे बघितलं. “तू अजून बोलला नाहीस?”

दादा झोपायच्या पिशव्या मोजत होता. “पाच,” असं स्वतःशीच म्हणून त्याने शेवटची पिशवी खाली ठेवली. मग जिन्याकडचं दार ओढून घेतलं.

“आई येत नाहीये,” तो म्हणाला. टेबलावर घेतलेल्या पेशंटला दहापासून उलटे आकडे मोजायला सांगावेत, तसा आवाज.

“म्हणजे?”

“तिचा पासपोर्ट संपलाय. मी नवा काढला नाही.”

“फोटो काढायला तूच घेऊन गेला होतास ना तिला? स्टुडिओतला माणूस केस नीट करा म्हणाला म्हणून किती हसत होती ती.”

“गेलो होतो. काढायचाच होता मला. मग आठच दिवसांनी ती गॅस चालू ठेवून बाहेर पडली आणि तीन चौक ओलांडून गेली. इथूनच, तुझ्या घरातून. आठवतंय? तिथे चौक नाहीयेत. तिथे पाणी आहे, तंबूपासून वीस पावलांवर.”

“म्हणूनच तर ती दोरी…”

“दोरी!” दादाचा आवाज पहिल्यांदा चढला. “आई आहे ती तुझी, शेळी नव्हे.”

मधलीच्या हातात सुई होती. ती तिने जपून बाहीला खोचली. महिनाभर ज्या दोरीचं तिला कौतुक वाटत होतं, तिच्याकडे आता बघवेना.

“मग ती राहणार कुठे?”

“दहा दिवसांपुरतं एक केअर सेंटर बघितलंय. चांगलं आहे, बाग आहे, चोवीस तास माणूस आहे. जाता जाता तिला तिथे सोडायचं.”

“जाता जाता.”

“हो.”

“आणि तिला काय सांगणार?”

“गाडीत सांगू. हे बघ, आज रडेल. उद्या विसरेल. आल्यावर आपण फोटो दाखवू. तिला वाटेल, तीही आली होती.”

हे तो दुष्टपणाने बोलला असता तर मधलीला सोपं गेलं असतं. पण दादाने नीट विचार केला होता. आईला कमीत कमी दुखावं म्हणून किती दिवस डोकं लावलं असेल, ते त्याच्या डोळ्यांखाली दिसत होतं.

“लोकांना गुंगी द्यायची सवय आहे तुला,” मधली म्हणाली. “कापतो दुसराच. तू फक्त त्यांना कळू देत नाहीस. घरातसुद्धा तेच?”

“असं बोलू नकोस हं,” वहिनी मध्ये पडली. “चार रात्री डोळ्याला डोळा नाहीये त्याच्या.”

“माझ्याशी बोलला कोणी? एका शब्दाने?”

“बोललो होतो,” दादा म्हणाला. “तीन महिन्यांपूर्वी. फोन केला होता. आईचं अवघड दिसतंय, मी बघू का काय ते, असं विचारलं. तू काय म्हणालीस?”

मधलीला सगळं आठवलं. बारा ट्रकांची आच्छादनं अंगावर पडलेली, मशीनचा पट्टा तुटलेला, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला. “तूच बघ बाबा काय ते. माझं डोकं नको खाऊस.” आणि हेही आठवलं की फोन ठेवल्यावर तिला जरा हलकं वाटलं होतं. काय बघायचंय, हे तिने विचारलंसुद्धा नव्हतं.

ती बारक्याकडे वळली. लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा धाकटा भाऊ छतातल्या लोखंडी आकड्याकडे बघत उभा होता, जणू त्याला तिथे काही बिघाड सापडला होता.

“तुला माहीत होतं?”

“तीन आठवडे झाले, ताई.”

“तीन रविवार तू इथे येऊन तिच्या खोलीचे दांडे धरून उभा राहिलास. मी शिवत होते आणि तू धरून उभा होतास.”

“तू इतकी खुशीत होतीस. कुठून सुरुवात करू तेच कळेना. आणि मी दादाला म्हटलं होतं, तुम्ही जा, मी आईजवळ थांबतो. विचार त्याला.”

“म्हटलं होतं,” दादा म्हणाला. “आणि दोन दिवसांनी म्हणाला, माझी सुट्टी मुश्किलीने मिळालीय, ती घरात बसून घालवू का?”

“ते आपल्या दोघांतलं होतं, दादा!”

“तुम्हा भावंडांचं सगळं आपापसांतलं,” वहिनी म्हणाली, आणि तिचा शाळेतला आवाज कुठल्या कुठे गेला. “त्या सेंटरच्या खोल्या कोणी बघितल्या? मी. तिथल्या बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, हे कोणी विचारलं? मी. तुमच्यापैकी एकाने तिथे पाय ठेवलाय? आणि दर गुरुवारी शाळा सुटल्यावर इथे येऊन आईंना आंघोळ कोण घालतं? दोन मुलगे आणि एक मुलगी आहे त्यांना, नुसती म्हणायला! सगळ्यांत वाईट मात्र मी ठरणार, कारण यादीत टिकमार्क मी करते.”

मधलीला एकदम वाटलं, या चौघांत आपण जिच्या बाजूने उभं राहावं अशी ही एकटीच आहे. आणि त्याच क्षणी तिच्याच हाताने बाजूला सारलेली खाट भिंतीला टेकलेली दिसली.

“बाबा,” चिमणी दारातून म्हणाली. “आजी.”

जिन्याचं दार उघडं होतं. शेवटच्या पायरीवर आई उभी होती. पायात बूट, अंगात कोट, हातात भरलेली बॅग. किती वेळ उभी होती, कोणी सांगू शकलं नसतं.

ती खाली आली. बॅग कापायच्या टेबलावर ठेवून तिने चेन उघडली.

“हा टॉर्च घे, बारक्या. तुझा दरवेळी घरी राहतो.” बारक्याने तो घेतला. दुसरं काय करावं ते त्याला सुचलंच नाही.

“चिमणे, हे लोकरीचे मोजे. तिथे पहाटे पाय गारठतात.”

“आजी, मला नकोत.”

“घे म्हटलं ना.” मग तिने रबरी गरम पाण्याची पिशवी काढून सुनेपुढे धरली. “तुझी कंबर धरते. जमीन ओली असते तिथली. जेवायच्या आधीच भरून ठेवत जा.”

वहिनीने पिशवी घेतली आणि तोंड फिरवलं.

“आई, माझं ऐकून तरी घे,” दादा म्हणाला.

आईने बॅगेत हात घालून तळापर्यंत चाचपलं. “तुझ्यासाठी काही नाही रे. तुझं सगळं नेहमी आधीच भरून झालेलं असतं.” तिने चेन ओढली. “निघा आता. उशीर होईल. मी विसरायचंय ना सगळं? त्याला जरा शांतता लागते.”

दादा खाली बसला, पाण्याच्या उरलेल्या कॅनवरच. दोन्ही हातांनी त्याने चेहरा चोळला. दिवसाला चार-चार माणसांना झोपवून पुन्हा जागं करणारा हा माणूस इतका म्हातारा कधी दिसायला लागला, असं मधलीच्या मनात आलं. तिला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

“रद्द करूया का?” वहिनीने विचारलं.

प्रश्न खरा होता. तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. चिमणीने बापाकडे बघितलं, बारक्याने टॉर्च चालू करून बंद केला. बाहेर रस्त्यावरून कोणाची तरी सायकल खडखडत गेली. त्या वेळात कोणीही ‘हो’ म्हणू शकलं असतं. मधलीसुद्धा.

“रद्द करून काय होणार?” शेवटी दादा म्हणाला. “पासपोर्ट थोडाच येणार आहे?”

मधली उठली. तंबूचं कापड तिने आपल्याकडे ओढलं आणि घडी घालायला सुरुवात केली. गाडीकडे नाही, आतल्या खोलीकडे.

“काय करतेस?”

“तंबू जाणार नाही. मी येणार नाही. आणि आईसुद्धा कुठल्या सेंटरमध्ये जाणार नाही.”

“हा काय पोरखेळ आहे? अप्पांचा तंबू आहे तो. सगळ्यांचा आहे.”

“सहा जणांचा आहे. सहा जण जात असाल तर न्या.”

वहिनीने पेनाचं टोपण काढलं. “तिथे भाड्याने मिळतात,” ती हळू आवाजात म्हणाली आणि तिसऱ्या यादीत, ‘इतर’मध्ये, एक ओळ वाढवली.

वीस मिनिटं उशिराने गाडी निघाली. बारक्या सगळ्यांत शेवटी बसला. त्याआधी तो मधलीजवळ आला, पण तिने छातीशी दोन्ही हातांनी कापडाची घडी धरली होती.

“फोन करतो, ताई.”

“कर.”

गाडी वळणाआड गेल्यावर मधलीने दार लावलं. कारखाना एकाएकी प्रचंड मोठा वाटायला लागला. आपण आईची बाजू घेतली, निदान एवढं तरी केलं, असं काहीसं मनात जुळवत ती वळली, तर आई तिच्याकडेच बघत होती.

“तंबू का काढून घेतलास त्यांचा?”

“आई, त्यांनी तुला काय…”

“मला काय केलं ते मला कळलं. तू समजावून सांगू नकोस. लहान पोर आहे बरोबर, भाड्याच्या फाटक्या तंबूत झोपेल. ओल लागली तर? चांगला धडधाकट तंबू इथे धूळ खात पडणार.” आई बूट काढायला खाली वाकली, पण तिला ते जमेना, म्हणून आणखी चिडली. “तुझं हे लहानपणापासूनचं आहे. भांडतेस माझ्या नावाने आणि हिशेब चुकते करतेस तुझे.”

मधली मदतीला पुढे झाली, तसा आईने पाय मागे घेतला. कितीतरी महिन्यांत आईची जीभ इतकी लख्ख चालली नव्हती. इतके दिवस ज्यांनी तिला फसवलं त्यांना टॉर्च, मोजे, गरम पाण्याची पिशवी. आणि जी मागे राहिली तिला हे. मधली मशीनपाशी जाऊन बसली. सुईखाली कापड नव्हतं तरी बराच वेळ बसून राहिली. आईच्या बोलण्यातलं खोटं किती, हे ती शोधत होती, आणि तिला वाटलं होतं तेवढं ते सापडत नव्हतं.

रविवारी सकाळी ती चहाचे कप घेऊन खाली आली, तर आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. पायात बूट, अंगात कोट.

“गाडी आली नाही गं अजून?”

“कुठली गाडी?”

“कुठली काय! तळ्यावर जायची. दादा बारा म्हणालाय, पण तो आधीच येईल बघ.”

कालचं सगळं पुसून गेलं होतं. पायरीवरून ऐकलेलं, वाटून टाकलेलं, मधलीला सुनावलेलं, सगळं. राहिली होती ती फक्त सहल.

त्या दिवशी मधलीने खरं सांगितलं. शेजारी बसून, हात हातात घेऊन, आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं. आईने ते जणू पहिल्यांदाच ऐकलं. काल तिच्या तोंडी एकेक तिखट वाक्य आलं होतं, आज एकही येईना. ती रडली, आणि रडता रडता पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली, “मी काही केलं का गं? माझा त्रास झाला का त्यांना?”

सोमवारी आई पुन्हा पायरीवर होती.

“गाडी बिघडलीय, आई. दुरुस्तीला गेलीय.”

“अगबाई! मोठं काही नाही ना?”

“नाही. किरकोळ आहे.”

इतक्या सहज ते तोंडून निघालं की मधलीला स्वतःचंच नवल वाटलं. आई खुशीत चहा प्यायली. दिवस चांगला गेला. दादाला हे तीन महिन्यांपूर्वीच कळलं होतं, असं कारखान्याचं दार लावताना तिच्या मनात आलं आणि तोंड कडू झालं.

मंगळवारी सकाळी फोन वाजला. दादा होता. मागून पाण्याचा आवाज येत होता, बारक्या कोणाला तरी ओरडून हाक मारत होता आणि चिमणी खिदळत होती. तंबू ठीक आहे, म्हणाला. पहिल्या रात्री थोडं गळलं, आता ठीक आहे. मग त्याने विचारलं.

“कशी आहे ती?”

“बरी आहे.”

“काही विचारते का? की विसरली?”

एका शब्दाचं काम होतं. ‘विसरली’ म्हटलं असतं तर उरलेले दिवस त्याला झोप लागली असती. ‘नाही’ म्हटलं असतं तर लागली नसती. दोन्ही शब्द तिच्या जिभेवर होते.

“दादाचा फोन आहे का?” आई पायरीवरून म्हणाली. कोटाची बटणं तिने वरपासून खालपर्यंत लावली होती. “विचार त्याला, गाडी किती वाजता आणतोय.”

पलीकडे ते ऐकू गेलं असावं. “अगं, थांब जरा,” तो म्हणाला. “ती काय…”

“तूच विचार, आई,” मधली म्हणाली आणि फोन तिच्या हातात दिला.

आईने तो दोन्ही हातांनी कानाला धरला. “अरे, मी तयार आहे हं. बूट घालून बसलेय केव्हाची. किती वाजता येतोस?”

मग ती ऐकत राहिली. पलीकडचं काही मधलीपर्यंत पोचत नव्हतं; आईचा चेहरा मात्र दिसत होता. तो आधी लक्ष देऊन ऐकणारा होता, मग जरासा गोंधळला, मग निवळला. बराच वेळ ती नुसती मान हलवत होती.

“बरं. बरं रे. एवढं काय त्यात, रडतोस कशाला? सर्दी झालीय का? गोळी घे. सावकाश ये, गाडी जोरात चालवू नकोस.”

तिने फोन परत दिला. तो बंद झालेला होता.

“काय म्हणाला?”

“उद्या म्हणाला,” आई म्हणाली, आणि बूट काढून घ्यायला दोन्ही पाय तिच्यापुढे केले.

मधली खाली बसली आणि नाड्या सोडू लागली.